अंतराळ दिनाचे सोहळे आणि विज्ञानाचा प्रसार

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात अलगद उतरले. शास्त्रज्ञ, तंत्रज्ञ आणि कामगार यांच्या या यशाचा देशातील कष्टकरी जनतेला सार्थ अभिमान आहे. सार्वजनिक क्षेत्रात, स्वावलंबनाच्या धोरणातून, अनेक दशकांच्या चिकाटीने उभ्या राहिलेल्या संशोधनाचे ते फळ होते; खासगीकरणाचे पोवाडे गाणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे. केंद्र सरकारने हा दिवस राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून जाहीर केला आणि २०२४ पासून त्या निमित्ताने व्याख्याने, प्रदर्शने व आकाशदर्शनाचे कार्यक्रम होऊ लागले. त्यांचे स्वागतच केले पाहिजे. खेड्यातल्या मुलीला गुरूचे चार चंद्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयास मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु या सोहळ्यांतून सत्ताधाऱ्यांना रुजवावयाचे आहे ते काय? यान उतरल्याच्या जागेला ‘शिवशक्ती’ असे नाव देण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने चंद्रयानावर जे शालेय साहित्य काढले, त्यात प्राचीन विमानविद्येचा दाखला म्हणून ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचा उल्लेख होता. हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या प्रारंभी रचला गेला असून त्यातील विमाने उडूच शकत नाहीत, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ मध्येच दाखवून दिले होते. दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा धडा वगळला गेला तो २०२३ मध्येच. लोकांपर्यंत विज्ञान नेण्यासाठी १९८९ मध्ये स्थापन झालेली ‘विज्ञान प्रसार’ ही सरकारी संस्था गुंडाळली गेली तीही त्याच वर्षी. आणि श्रीहरिकोटाच्या प्रक्षेपणतळासाठी पूर्वी अवजड यंत्रसामग्री घडविणाऱ्या रांचीच्या हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनमधील कामगारांचे वर्षाहून अधिक काळाचे वेतन त्या वेळी थकलेले होते. अशा राजवटीला विज्ञानाची फळे हवीत, विज्ञानाची दृष्टी नको. मुलांनी पडद्यासमोर बसून टाळ्या वाजवाव्यात. प्रश्न मात्र विचारू नयेत.

जनतेच्या पुढाकाराने झालेला विज्ञानप्रसार काय करू शकतो, याची साक्ष ग्रहणांचा इतिहास देतो. १६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कर्नाटकपासून ओरिसापर्यंत गेला होता. त्या दिवशी शहरांतले रस्ते ओस पडले, दारेखिडक्या बंद झाल्या आणि लोकांनी घरातच राहावे म्हणून दूरदर्शनने चित्रपट दाखविला! पुढची पंधरा वर्षे जनविज्ञान चळवळीची होती. केरळ शास्त्र साहित्य परिषद १९६२ पासून काम करीत होतीच. भोपाळच्या वायुकांडानंतर, १९८७ मध्ये, देशाच्या पाच दिशांनी निघालेले भारत जनविज्ञान जथ्थे भोपाळलाच येऊन मिळाले. गावोगावची भाषणे, गाणी, पथनाट्ये आणि साध्या दुर्बिणी यांतून धूमकेतू, ग्रहणे, राशी यांविषयीची भीती चव्हाट्यावर चर्चेला आली. २४ ऑक्टोबर १९९५ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी राजस्थानपासून बंगालपर्यंत लोक चष्मे लावून मैदानात उभे राहिले, आणि त्याच दूरदर्शनने ग्रहण थेट दाखविले. हा बदल काही आपोआप झाला नव्हता.

तो कायमचाही झाला नाही. २६ डिसेंबर २०१९ च्या कंकणाकृती ग्रहणात केरळच्या चेरुवतूर येथे लोक गर्दीने ते पाहत होते. कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात मात्र अपंगत्व जाईल या समजुतीने मुलांना गळ्यापर्यंत मातीत पुरण्यात आले. त्या आईबापांची टवाळी करणे सोपे आहे. जिथे डॉक्टर पोहोचत नाही तिथे मातीचा आधार घेतला जातो. म्हणून आकाशावरचे व्याख्यान रुग्णालयाच्या, शाळेच्या मागणीपासून तोडता येत नाही.

अंतराळ दिनाच्या तीनच दिवस आधी, २० ऑगस्टला, अखिल भारतीय जनविज्ञान नेटवर्क राष्ट्रीय वैज्ञानिक दृष्टिकोन दिन पाळते. २०१३ साली त्याच दिवशी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे राज्यघटनेच्या कलम ५१ अ नुसार प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे; ते बजावणाऱ्याला गोळ्या घालण्यात आल्या. सरकारी अंतराळ दिनाच्या व्यासपीठावरून त्यांचे नाव घ्यावे, ही मागणी शिक्षक व विद्यार्थी संघटनांनी आग्रहाने केली पाहिजे.

२ ऑगस्ट २०२७ रोजी पश्चिम भारतातून सायंकाळी खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. २१ मे २०३१ चे कंकणाकृती ग्रहण केरळ-तमिळनाडूवरून जाईल. प्रत्येक सरकारी शाळेला तपासलेले सौरचष्मे आणि प्रत्येक तालुक्याला एक दुर्बीण मिळावी, यासाठी राज्य सरकारांवर आतापासून दबाव आणला पाहिजे. युवक, महिला आणि शेतमजूर संघटनांनी वस्त्यावस्त्यांत सभा घ्याव्यात, आणि ग्रहण चालू असतानाच सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांनी उघड्यावर एकत्र बसून जेवण्याचे कार्यक्रम ठरवावेत. गर्भवती स्त्रियांना कोंडून ठेवणाऱ्या घरांत महिला कार्यकर्त्यांनी ग्रहणाच्या आदल्या आठवड्यातच जावे. ग्रहणाच्या दिवशी गेल्यास दार उघडत नाही.