खड्डा राखला तर रोप राहील

मृगाचा पाऊस स्थिरावला, की खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील गावांतून रोपे लावण्याची एकच घाई उडते. कोणी काजूची कलमे आणतो, कोणी आंब्याची, कोणी परसात दोन माड लावतो. संत योहानाच्या सणापर्यंत, म्हणजे २४ जूनपर्यंत, पुष्कळांची लावणी आटोपते. आणि मग आठ-पंधरा दिवसांतच गाऱ्हाणी कानी येऊ लागतात: "रात्री डुकरे आली आणि ओळच्या ओळ उकरून गेली." कलम पैसे मोजून घेतलेले, खड्डा उन्हातान्हात खणलेला, आणि फळाची आशा तीन वर्षांनंतरची. ते सारे एका रात्रीत मातीवर आडवे पडलेले पाहून कष्टकरी माणसाच्या जिवाला चटका बसावा, यात नवल नाही. म्हणून या आठवड्यात आमच्या वाचक कुटुंबांशी याच विषयावर चार शब्द बोलावेत, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. रानडुक्कर काजूचे कलम खाण्यासाठी येत नाही. उपटलेले रोप बहुधा न खाता बाजूला फेकलेले आढळते, ते यामुळेच. डुकराची दृष्टी बेताची, परंतु नाक अत्यंत तीक्ष्ण. पावसाळ्यात गांडुळे वर येतात, कच्च्या शेणखतात हुमणीच्या आणि गेंड्या भुंग्याच्या अळ्या पोसलेल्या असतात, आणि त्यांचा वास त्याला मातीखालूनही लागतो. त्यात आमच्याकडील माळ जांभ्याचे, दगडासारखे कठीण. अशा माळावर भुसभुशीत माती कोठे असेल, तर ती आपणच खणलेल्या दोन फुटांच्या खड्ड्यात! आपण रोप लावतो असे आपल्याला वाटते. डुकराच्या लेखी आपण जागोजाग ताट वाढून ठेवलेले असते. रोप त्या ताटाच्या मध्यभागी उभे असते, एवढाच त्याचा अपराध.

माडाची गोष्ट थोडी निराळी आहे. माडाचे रोप पहिले वर्षभर आपल्याच नारळातील खोबऱ्यावर पोसले जाते आणि नारळात गोड, मऊ मोड तयार होतो. डुकराला तोच हवा असतो. साळिंदर मात्र रोपाचा बुंधा कुरतडून आतला कोवळा गाभा खातो.

म्हणून नुकसान झाले, की आधी शिव्याशाप न देता जमीन वाचावी. लांब, वेडीवाकडी, नांगरल्यासारखी चरी आणि खुरांचे ठसे दिसले, तर ते डुक्कर. बुंधा तिरपा कापलेला, त्यावर दोन रुंद दातांच्या खुणा आणि जवळपास एखादे गळालेले पीस, म्हणजेच काटा, पडलेला असेल, तर ते साळिंदर. रोप उभ्या उभ्या कलले, हाताने उचलताच मुळांवाचून वर आले आणि शेजारी ताज्या मातीचा ढीग दिसला, तर ती घूस. आणि दिवसाढवळ्या रोप सरळ उपटून टाकलेले असेल, तर माकडांचा खेळ. चोर ओळखल्यावाचून कुलूप घालणे व्यर्थ होय.

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय खड्डा भरतानाच करावयाचा आहे. खड्डे मे महिन्यात खणून तापू द्यावेत. भरताना पूर्ण कुजलेले, चाळलेले खतच वापरावे. कच्चे शेण घालू नये. माडाच्या खड्ड्यात मासळीचे खत घालण्याची रीत कोंकण-गोव्याकडे आहे. रानालगतच्या गावांनी ती सोडलेलीच बरी, कारण तो वास दूरवरची जनावरे बोलावून आणतो. रोप लावल्यावर माती पायाने घट्ट दाबावी; मात्र कलमाचा सांधा मातीच्या वर राहील, हे पाहावे. मग बुंध्यापासून चार बोटे जागा सोडून सभोवार जांभ्याचे जड, चपटे दगड एकमेकांस भिडवून मांडावेत. दगड हलके असतील तर डुक्कर ते नाकाने सहज उलथून टाकते.

दगडांवर करवंदीच्या किंवा कळकाच्या काटेरी फांद्या आडव्या पसराव्यात आणि खुंट्या ठोकून त्या जमिनीशी जखडाव्यात. नुसत्या टाकलेल्या फांद्या ओढून दूर होतात. पावसात काटे कुजतात, म्हणून गणेशचतुर्थीच्या सुमारास एकदा आणि पावसाळा संपताना पुन्हा एकदा ते बदलावेत.

ज्यांना शक्य असेल त्यांनी प्रत्येक रोपाभोवती तारेच्या जाळीचा पिंजरा करावा. तो नुसता जमिनीवर टेकवू नये. खालचा फूटभर भाग मातीत पुरावा आणि त्याची कड बाहेरच्या अंगास वळवावी. उकरणारे जनावर नेहमी भिंतीच्या पायथ्याशीच सुरुवात करते. तेथे पायाखाली जाळी लागली, की त्याचा उत्साह मावळतो. घुशीचा उपद्रव असेल तर जाळी बारीक छिद्रांची घ्यावी. रोप वाढू लागले की पिंजरा सैल करावा, नाहीतर राखणदारच गळा आवळील. आसपासचे गवतही काढावे, म्हणजे साळिंदर व घूस यांना आडोसा उरत नाही.

न्हाव्याकडचे केस, जुन्या साड्या आणि बुजगावणी यांचा धाक काही रात्रीच टिकतो. तो टिकेल तोवर घ्यावा, त्यावर विसंबू नये. वासासाठी फोरेट नावाचे विष कापडात बांधून टांगण्याची चाल कित्येक ठिकाणी होती. ते विष सरकारने २०१८ सालच्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून बंद केले आहे. कोणाच्या कोपऱ्यात जुना डबा उरला असेल, तर तो मुलाबाळांच्या हाती पडण्यापूर्वीच त्याचा बंदोबस्त करावा आणि तो कसा करावा, हे कृषी खात्याच्या कचेरीत विचारावे.

आता आमच्या सांगण्याचा गाभा. रोप गेल्याच्या संतापात कोणी घरची वीज उघड्या तारेत सोडतो, कोणी फास लावतो, कोणी खाद्यात स्फोटक दडवून ठेवतो. अशा तऱ्हेने वन्य प्राणी मारणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि विजेची चोरी २००३ च्या वीज कायद्याने. परंतु कायदा क्षणभर बाजूस ठेवू. तारेला डुक्कर कोणते आणि शेजारी कोणता, हे कळत नाही. पहाटे पाणी सोडावयास निघालेला भाऊ, बैल शोधावयास गेलेला मुलगा, फाट्या आणावयास निघालेली मावशी, कोणीही तिच्यावर पडू शकते. २०२० सालच्या मे महिन्यात केरळात एक गर्भिणी हत्तीण तोंडात स्फोटक फुटून तडफडत मेली. ते स्फोटक डुकरांसाठी ठेवले असल्याचे तपासात पुढे आले. अशा तारेवर माणूस गेला, तर दोन घरे बुडतात: एक मेलेल्याचे, दुसरे तार लावणाऱ्याचे. एका कलमाची किंमत ती काय, आणि त्यापायी हे मोल!

विजेच्या कुंपणाचा सुरक्षित प्रकार आहे, तो सौर कुंपणाचा. त्यात यंत्रातून क्षणभराचे, थांबून थांबून येणारे झटके बसतात. जनावर बिचकून मागे फिरते, मरत नाही. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभरच उंच हवी, आणि गवत तारेला लागू देता कामा नये, नाहीतर झटक्याचा जोर जातो. एकट्याला हा खर्च झेपणारा नसेल, तर बांधाला बांध लागून असलेल्या चार घरांनी मिळून करावा. ज्यांना तेही जमत नाही, त्यांनी गडग्याच्या कडेने सागरगोटा, घायपात किंवा शेर यांचे जिवंत कुंपण धरावे. दोन-तीन वर्षांत ते दाट होते आणि पुढे फारसा खर्च मागत नाही.

भीमगडचे अभयारण्य २०११ साली जाहीर झाले, पण तेथील जनावरे त्यापूर्वीही होती आणि आपल्या नातवंडांच्या काळातही राहावीत. त्यांना रान आहे, आपल्याला शेत आहे. मधली सीमा राखण्याचे काम मात्र माणसाचेच, कारण अक्कल त्याला दिलेली आहे. तेव्हा येत्या आठवड्यात घरातील मुलांना बरोबर घेऊन प्रत्येक रोपाजवळ जावे, माती दाबावी, दगड मांडावेत, काटे खुंटवावेत. आणि परतताना शेजाऱ्याच्या बांधावरही एकवार नजर टाकावी. तेथे उघडी तार दिसली, तर त्याच्याशी भांडू नये. चार काटेरी फांद्या घेऊन त्याच्या मदतीस जावे.