प्राडावर राग, आणि कार्टमध्ये दोनशे रुपयांची 'कोल्हापुरी'

आधीच सांगतो, पोस्ट लांब आहे आणि काही जणांना झोंबणार आहे. तरी शेवटपर्यंत वाचा, मग भांडू.

जून २०२५ आठवतोय ना? मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाचे मॉडेल आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल घालून चालले. कंपनीनं वर्णन केलं नुसतं 'लेदर सँडल'. कोल्हापूर नाही, महाराष्ट्र नाही, भारतसुद्धा नाही. मग आपण पेटलो. दोन दिवस व्हॉट्सॲपवर दुसरं काही नव्हतं. महाराष्ट्र चेंबरनं पत्र लिहिलं, कंपनीनं प्रेरणा भारतातली असल्याचं मान्य केलं, त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार जाहीर झाला. दोन हजार जोड, किंमत एका जोडाला सुमारे ८०० युरो.

राग बरोबरच होता. पण आता मोबाईल हातात आहेच, तर एक काम करा. कुठल्याही मोठ्या ऑनलाइन बाजारात 'कोल्हापुरी चप्पल' टाकून बघा. काय दिसतं? रेक्झिनचे पट्टे, रबरी तळ, मशीनची शिलाई, वर सोनेरी टिकल्या. त्याला ना कोल्हापूर माहीत, ना चामडं. किंमत दोनशे, अडीचशे, तीनशे. खाली हजारो लोकांचे तारे. प्राडानं नाव न घेता चप्पल उचलली. हे लोक चप्पल न बनवता नाव उचलतात, रोज, आणि गिऱ्हाईक कोण? आपणच. लग्नसराईत सगळ्या वऱ्हाडाला घाऊक मागवणारे आपणच.

आता मूळ मुद्द्यावर येतो. प्रत्येक कार्यक्रमात एक पाहुणा उठतो आणि कारागिरांना सांगतो, 'काळ बदललाय, ऑनलाइन जा.' मंत्री सांगतात, बँकेचे मॅनेजर सांगतात, कॉलेजात व्याख्यान द्यायला आलेले पोरसवदा तज्ज्ञ सांगतात. जणू ऑनलाइन म्हणजे पंचगंगेच्या पलीकडचं मोकळं रान आहे, जाऊन दुकान थाटलं की झालं. जो गेला त्याचं काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही. मी विचारलं.

आमच्या बाजारपेठेतले एक मामा. नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच हात जोडून सांगितलंय, 'नाव टाकू नको, अकाउंट बंद केलं तर काय करू?' एका दुकानदाराला आज एवढी भीती वाटते, इथेच बरंचसं कळतं.

मामा स्वतः कारागीर. दुकान छोटं, मागे घर. कापशी, पायताण, कुरुंदवाडी सगळे प्रकार करतात. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं, तळाला म्हशीचं कातडं, खिळा न मारता चामड्याच्या वादीनं शिवलेली चप्पल. वेणी घालायचं काम मामी आणि शेजारच्या दोघी करतात. गिऱ्हाईक म्हणजे अंबाबाईला जाऊन परत निघालेला भाविक, नाहीतर पुण्या-मुंबईहून गावी आलेला माणूस.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. देऊळ बंद, रस्ता बंद, दुकान बंद. तयार माल घरात पडून. शेवटी बी.कॉम. झालेल्या मुलीनं खटपट करून एका मोठ्या ऑनलाइन बाजारात खातं उघडलं. फोटो काढले, मापं टाकली. पहिली ऑर्डर आली तेव्हा मामांनी पेढे वाटले. मीही खाल्ला. बातमीसुद्धा केली होती, 'कारागीर झाला डिजिटल'. मथळा तसा खरा होता. पुढचा हिशेब बातमीत येत नाही, म्हणून आता इथे लिहितो.

एक जोड धरा. समजा बाराशेला विकला. त्यातून बाजाराचं कमिशन, प्रत्येक ऑर्डरमागची ठरावीक फी, कुरिअरचा खर्च, या सेवांवर १८ टक्के जीएसटी. वर खोका, टेप, छापील लेबल. असे समजा तीनशे गेले. चामडं, वादी, मजुरी धरून सातशे. हातात राहिले दोनशे. दुकानातल्या गाळ्याचं भाडं महिन्याला ठरलेलं असतं, धंदा झाला नाही तरी तेवढंच. इथलं भाडं प्रत्येक जोडामागे, आणि ते कधी वाढेल हे घरमालक ठरवणार. निरोप ईमेलनं येतो, इंग्रजीत. भांडायला समोर माणूस नसतो.

आणि आता तीच चप्पल परत आली तर? कोल्हापुरी वापरणाऱ्याला सांगायला नको, ती आधी थोडी घट्टच घ्यायची असते. तेल लावून चार दिवस घातली की पायाचा आकार घेते. दुकानात मामा हे गिऱ्हाईकाला बसवून सांगतात, पाय धरून बघतात, अंगठा सैल करून देतात. ऑनलाइन गिऱ्हाईक संध्याकाळी खोका उघडतो, पाय घालतो, 'टाईट आहे' म्हणून परत करतो. कारणं तरी काय एकेक! 'चामड्याचा वास येतो.' अहो, चामडं आहे, मोगरा नव्हे. 'दोन्ही पायांचा रंग किंचित वेगळा आहे.' हातानं केलेलीची खूणच ती. पण बाजाराच्या नियमात तो दोष ठरतो. 'फोटोप्रमाणे माल नाही' असा शिक्का बसतो, तारे घटतात, माल यादीत खाली जातो.

परतीच्या वाहतुकीचा खर्च बहुतेक वेळा विकणाऱ्याच्याच खात्यातून कापला जातो. वरच्या हिशेबात एक जोड परत आला की दुसऱ्या एका जोडाची कमाई त्यात गेली. कॅश ऑन डिलिव्हरीची तर वेगळीच तऱ्हा. माल गुवाहाटीपर्यंत जातो, गिऱ्हाईक दारातूनच 'नको' म्हणतो, पंधरा दिवसांनी खोका चेपून परत. आत चप्पल दुसऱ्याच कंपनीची निघाल्याचंही मामांच्या बाबतीत घडलंय. तक्रार केली, उत्तर आलं, 'पुरावा अपुरा.'

आता सरकारकडे येऊ. आधी चांगलं ते चांगलं म्हणतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी ५ टक्के झाला. त्याआधी हजारापर्यंत १२ आणि हजाराच्या वर १८ होता. हा दिलासा खरा आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून आणखी एक सवलत मिळाली. उलाढाल मर्यादेच्या आत असलेला छोटा विक्रेता राज्यातल्या राज्यात ऑनलाइन बाजारातून माल विकत असेल, तर त्याला पूर्ण जीएसटी नोंदणीची सक्ती नाही.

राज्यातल्या राज्यात! आता नकाशा काढा. कागलहून निपाणी वीसेक किलोमीटर. तिथल्या पोरांची सोयरीक इथे, इथल्यांचा बाजार तिथे. पण निपाणी कर्नाटकात. म्हणजे मामांनी ऑनलाइन बाजारातून नागपूरला जोड पाठवला तर सवलत, निपाणीला पाठवला तर नोंदणी, रिटर्न, सीएची फी. आणि गंमत अशी की कोल्हापुरीला २०१९ मध्ये जे जीआय मानांकन मिळालं, ते दोन्ही राज्यांना मिळून आहे. इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. नावासाठी सरकारनं आठ जिल्हे एक मानले. विकायची वेळ आली की मध्ये सीमा. सीमाप्रश्नावर भाषणं ठोकणाऱ्या एकाही पुढाऱ्यानं हा प्रश्न मांडल्याचं मी ऐकलेलं नाही.

पंतप्रधान विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये आली. अठरा व्यवसायांत चर्मकार आहेत. अवजारांसाठी पंधरा हजार, पाच टक्के व्याजानं कर्ज, वाईट नाही. डिजिटल व्यवहारांना प्रोत्साहन किती? व्यवहारामागे एक रुपया, महिन्याला शंभर व्यवहारांपर्यंत. म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त शंभर रुपये. एका परत आलेल्या खोक्याचं भाडं त्यात निघत नाही.

पण माझ्या मते खरा घात कमिशनमध्ये नाही, परतीच्या मालातही नाही. तो नावात आहे. मामांकडे भांडवल काय? जमीन नाही, यंत्र नाही. हातातली कला आणि 'कोल्हापुरी' हा एक शब्द. बाराशेची चप्पल बाराशेला का, हे सांगणारा तोच एक शब्द. ऑनलाइन बाजारात त्याच शब्दाखाली शेजारी दोनशे वीसची रेक्झिन मांडलेली असते. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. गिऱ्हाईक म्हणणारच, हा म्हातारा लुटतोय.

कायदा नाही असं नाही. भौगोलिक निर्देशांकाचा कायदा १९९९ चा आहे. खोटं जीआय नाव वापरलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड अशी त्यात तरतूद आहे. मग हे बिनधास्त कसं चालतं? ऑनलाइन बाजार म्हणतो, आम्ही फक्त मध्यस्थ, माल विक्रेत्याचा. विक्रेता कुठल्या तरी शहरातल्या गोदामातला, आज एका नावानं, उद्या दुसऱ्या. मामांनी कोर्टात जावं? प्राडाविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये फेटाळली. याचिका करणारे त्या जीआयचे नोंदणीकृत मालक नव्हते, हा मुद्दा तिथे आला. मालक आहेत दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळं. म्हणजे दावा लावायचा तर महामंडळानं. मग लावा ना! मिलानशी करार करताना जी तत्परता दाखवली, तिच्या चौथाईनं जरी देशातल्या ऑनलाइन बाजारांना नोटिसा गेल्या, तरी चित्र बदलेल. चपलांवर क्यूआर कोड आणलाय, उत्तम. पण कोड खऱ्या चपलेवर. खोटी चप्पल विकणाऱ्याला कोडची गरजच काय?

आता तुमचे आक्षेप. एक, 'दुकानदार पण काही धुतल्या तांदळासारखे नाहीत.' मान्य. देवळाबाहेर भाविकाच्या गळ्यात नकली माल मारणारे आपल्यातच आहेत, आणि कारागिराला पडेल भावात पिळणारे व्यापारीही आपल्यातच आहेत. पण त्यांना शोधायला जायला रस्ता आहे, पाटी आहे, तोंड आहे. दोन, 'ऑनलाइनमुळे देशभरचं गिऱ्हाईक मिळालं की.' मिळालं. मामासुद्धा ते नाकारत नाहीत. आसामातून, केरळातून ऑर्डर आल्याचं कौतुक त्यांना आहेच. म्हणून तर माझं म्हणणं 'ऑनलाइन जाऊ नका' असं नाही. माझं म्हणणं असं की दुसऱ्याच्या बाजारात पाट्या टाकायला जाणं आणि स्वतःचं दुकान फोनवर नेणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. भाषणं ठोकणारे त्या एकच समजतात.

मामांच्या मुलीनं दुसरा रस्ता धरलाय. बाजारातलं खातं ठेवलंय, पण जोर दिलाय स्वतःच्या फोनवर. व्हॉट्सॲपवर गिऱ्हाईकाला सांगते, कोऱ्या कागदावर पाऊल ठेवा, पेन्सिलनं कडेनं रेघ मारा, फोटो पाठवा, बाजूला पट्टी ठेवायला विसरू नका. त्या मापानं चप्पल होते. पैसे आधी यूपीआयनं, पार्सल पोस्टानं. सोबत चिठ्ठी, 'चार दिवस घट्ट वाटेल, खोबरेल तेल लावा, पावसात घालू नका.' परत येणारे जोड जवळपास थांबले. ऑर्डरी कमी आहेत, पण हातात राहणारा पैसा स्वतःचा आहे, आणि गिऱ्हाईकाचा नंबरसुद्धा. मोठ्या बाजारात तोही मिळत नाही.

म्हणून मागण्या साध्या. महामंडळानं ऑनलाइन बाजारांना लेखी कळवावं की जीआयचा अधिकृत वापरकर्ता असल्याचा नोंदणी क्रमांक नसेल, तर 'कोल्हापुरी' शब्दाखाली माल दाखवायचा नाही. आमच्या आमदार-खासदारांनी जीआय मालाच्या छोट्या कारागिरांसाठी आंतरराज्य विक्रीतली नोंदणीची अट उठवायला सांगावं, निदान त्या आठ जिल्ह्यांपुरती तरी. आणि कार्यशाळा घ्यायच्याच असतील तर फोटो कसा काढायचा यावर नको, करारातली बारीक अक्षरं मराठीत समजावून सांगण्यावर घ्या.

राहिलो आपण. प्राडावर बोलताना आपला आवाज फार मोठा होता. यंदा लग्नाला चपला घ्यायच्या असतील तर आधी आपल्या गावातल्या कारागिराला फोन करा. बाराशे जास्त वाटत असतील तर एक जोड कमी घ्या, पण 'कोल्हापुरी' म्हणून रेक्झिन घालून मिरवू नका. तुमच्या ओळखीचा कुणी स्वतः चप्पल करून फोनवर ऑर्डर घेत असेल, तर त्याला विचारून त्याचा नंबर खाली टाका. मामांचा मी टाकत नाही, कारण वर सांगितलंच आहे. ज्याला खरंच हवा असेल त्यानं मला मेसेज करावा. मामांना विचारून देतो.