खूळ म्हणणाऱ्यांना

सुट्टीत विजयदुर्गला आलेला नातू दिवसभर मोबाईलवर 'रेल वॉर्स' बघतो. ताकुमी तोयोदा यांच्या कादंबऱ्यांवरची ही 2014 सालची जपानी चित्रमालिका. रेल्वेच्या सुरक्षा दलात उमेदवारी करणारी पोरं, आणि 1987 साली जपानची सरकारी रेल्वे फुटलीच नाही अशी कल्पना.

घरचे म्हणतात, खूळ! मग आपण त्याला काय दिलं? 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री सीएसटीवर रेल्वे सुरक्षा दलाचे झिल्लू यादव अतिरेक्यांवर खुर्ची फेकून गेले, उद्घोषक विष्णू झेंडे लोकांना बाहेर काढत राहिले. लांब कशाला? 22 जून 2003 ला वैभववाडीजवळ रुळावर दरड आली, पन्नासच्या आसपास माणसं गेली. आपल्या कोकण रेल्वेवर पावसाळ्यात गस्तवाले रात्री बत्ती घेऊन रूळ तपासत चालतात. त्यांच्यावर मुलांसाठी कादंबरी? माझ्या वाचनात नाही.

मी जन्मभर मास्तरकी केली. वर्गात किल्ल्याचे मावळे रंगवून सांगितले, गस्तवाला एकदाही नाही. तेव्हा शिव्या आधी मला घाला, जपान्यांना नको.

असो. परवा नातवाला गाडीत बसवायला वैभववाडीला जायचंय. गाडी उशिरा आली तर बरंच.