परीक्षेपुरते विद्यापीठ

मुंबई विद्यापीठाची २०१७ सालची उन्हाळी परीक्षा आठवली की अनेक घरांत आजही संताप उफाळून येतो. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय पुरेशा पूर्वतयारीविना रेटला गेला. परीक्षा संपल्यापासून ४५ दिवसांत निकाल लावलाच पाहिजे, असे कायदा सांगतो. कुलपती या नात्याने राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही उलटली. वर्ग थांबवून प्राध्यापकांना तपासणीस बसविण्यात आले. म्हणजे गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचे नुकसान भरून काढण्यासाठी चालू वर्षाच्या विद्यार्थ्यांचे नुकसान! निकालाचे गाडे सप्टेंबरपर्यंत रखडले. काही उत्तरपत्रिकांचा तर पत्ताच लागेना. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले आणि प्रकरण मिटले, असे सर्वांनी सोयीस्करपणे मानले.

ते मिटलेले नाही. ज्याचा पदव्युत्तर प्रवेश गुणपत्रिकेअभावी अडला, त्याचे वर्ष कोणी परत दिले? हे विद्यापीठ कुलाब्यापासून सिंधुदुर्गापर्यंत पसरले आहे. कणकवलीच्या विद्यार्थ्याला ते प्रथम भेटते परीक्षेच्या अर्जात आणि अखेरचे पदवीच्या कागदावर. मधल्या काळात विद्यापीठ म्हणून काही असते, याची त्या बिचाऱ्याला जाणीवही होत नाही.

या दुखण्याचे मूळ जुने आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे निघाली ती लंडन विद्यापीठाच्या साच्यावर. शिकवायचे महाविद्यालयांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या. १८६२ मध्ये रानडे, भांडारकर पदवीधर झाले, तेव्हा पदवीधर बोटांवर मोजण्याइतकेच होते. त्या वेळी तो साचा खपून गेला. पुढे १८९८ च्या कायद्याने खुद्द लंडननेच तो मोडून अध्यापन करणारे विद्यापीठ होण्याचा मार्ग धरला. आम्ही मात्र साहेबाने टाकून दिलेल्या त्याच साच्यात सातशेहून अधिक महाविद्यालये कोंबून बसलो आहोत! कलिन्यातील विभागांत अध्यापन आणि संशोधन होते, हे खरे. पण बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या वाट्याला त्यातले काय येते? आणि परीक्षा हेच ज्याचे मुख्य काम, त्याला तेही वेळेवर जमू नये?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संलग्नतेची ही पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवून महाविद्यालयांना स्वायत्तता देण्याचे ठरविले आहे. दिशा योग्यच आहे. रुईया, झेवियर्स यांसारख्या महाविद्यालयांनी स्वायत्तता मिळविली; त्यांना ती पेलतेही. परंतु ज्या तालुक्याच्या महाविद्यालयात प्राध्यापकांची पदे रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर वर्ग चालतात, त्याने अभ्यासक्रम आखायचा आणि परीक्षा घ्यायच्या त्या कोणाच्या बळावर? स्वायत्ततेचे आदेश निघण्याआधी ही पदे भरण्याचे आदेश निघाले पाहिजेत. आणि त्यासाठी लागणारा पैसा शासनाने दिला पाहिजे, विद्यार्थ्यांच्या पालकांनी नव्हे.