तूर विकून डाळ विकत घ्यायची का? घरच्या ताटाचा हिशेब

डिसेंबर उजाडला की तूर काढणीला येते. मळणी झाली की पोती आडतीवर जातात आणि काही दिवसांनी त्याच घरात किराणा दुकानातून डाळीची पिशवी येते. सोयाबीन विकून सोयाबीन तेल आणणे, बारा एकरांचे खाते असताना मेथीची जुडी आठवडी बाजारातून घेणे, हे आता मराठवाडा-विदर्भात नवे राहिलेले नाही. यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, शेतकऱ्याने विकत घेऊन खाणे म्हणजे कमीपणा. दुसरे म्हणते, ज्यात पैसा आहे ते पिकवा, बाकीचे बाजारातून आणा. दोन्ही मते हिशेबावर तपासली तर अर्धवट निघतात. घरी पिकवायचे की विकत घ्यायचे, याचे उत्तर प्रत्येक वस्तूला वेगळे येते. कोणत्या वस्तूला कोणते उत्तर येते, ते तुम्हाला तुमच्या गावच्या भावांवर तपासता यावे म्हणून हा लेख आहे.

हा प्रश्न आत्ताच का?

राज्यात आज सोयाबीन सुमारे ५० लाख हेक्टर आणि कापूस सुमारे ४० लाख हेक्टरवर आहे. या दोन पिकांनी खरीप ज्वारी, मूग आणि उडीद मागे सारले. दोन्ही पिकांचा दाणा किंवा बोंड थेट चुलीवर जात नाही. म्हणजे शेतातून येतो तो पैसा, आणि तो पैसा भावावर अवलंबून.

भावाची स्थिती तुम्हाला ठाऊक आहे. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बहुतेक बाजारांत माल त्याखाली गेला. २०२५-२६ मध्ये हमीभाव ५,३२८ रुपये झाला, पण सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्यात उभे पीक पाण्यात गेले आणि जे हाती आले ते सुगीत हमीभावाखालीच विकावे लागले. कापसावरील ११ टक्के आयात शुल्क ऑगस्ट २०२५ पासून त्या वर्षअखेरपर्यंत माफ होते. तुरीची आयात ३१ मार्च २०२६ पर्यंत शुल्कमुक्त ठेवली गेली होती. कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क ३० मे २०२५ रोजी २० वरून १० टक्क्यांवर आणले गेले. ग्राहकासाठी भाव खाली ठेवण्याचे हे धोरण आहे. तुम्ही मात्र विकताना उत्पादक आणि खाताना ग्राहक, अशा दोन्ही बाजूंना आहात.

आणखी एक गोष्ट पाहा. छत्रपती संभाजीनगर व अमरावती विभागांतील सर्व जिल्हे आणि वर्धा, अशा १४ जिल्ह्यांत केशरी शिधापत्रिकेवरील शेतकरी कुटुंबांना २०२३ पासून धान्याऐवजी थेट रोख रक्कम मिळते. सुरुवातीला ती माणशी महिना १५० रुपये होती, पुढे १७० झाली. म्हणजे धान्य पिकवणाऱ्या घराने धान्य दुकानातून घ्यायचे, हे आता शासनाच्या योजनेनेही गृहीत धरले आहे.

केंद्राच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात माणशी मासिक खर्च सरासरी ४,१२२ रुपये होता. यात घरच्या मालाचीही किंमत धरलेली आहे. त्यातला सुमारे ४७ टक्के वाटा खाण्यावर जातो. पाच माणसांच्या घराला हे महिन्याला साडेनऊ हजारांच्या पुढे जाते. खताच्या गोणीवर आपण जेवढा विचार करतो, तेवढा या रकमेवर करत नाही.

हिशेबाचे सूत्र

प्रत्येक वस्तूसाठी तीन प्रश्न विचारा:

- मी हा माल विकला तर हाती काय पडते आणि हीच वस्तू दुकानातून आणली तर काय द्यावे लागते? या दोहोंतला फरक किती?
- तेवढ्या जागेत आणि पाण्यात दुसरे पीक घेतले असते तर काय मिळाले असते?
- कष्ट किती आणि ते कोणाच्या वाट्याला येतात?

गरजेसाठी राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनातले आकडे धरू. दोन हजार कॅलरीच्या ताटात रोज ४०० ग्रॅम भाज्या, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये आणि २७ ग्रॅम तेल लागते. पाच जणांना वर्षाला ७३० किलो भाजी, सुमारे १५५ किलो डाळी-कडधान्ये आणि सुमारे ४९ किलो तेल झाले.

भाजी: सर्वांत मोठा फरक इथे

सुरुवात पाण्यापासून करा. जलजीवन मिशनचे प्रमाण माणशी रोज ५५ लिटर आहे. पाच जणांच्या घरात अंघोळ, भांडी आणि धुण्याचे मिळून साधारण २०० लिटर पाणी बाहेर पडते. हिवाळ्यात भाजीला दिवसाला साधारण ४ मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर २०० लिटरमध्ये ५० चौरस मीटर, म्हणजे अर्धा गुंठा भिजतो. विहिरीच्या पाण्याला हात न लावता परसबाग एवढी होऊ शकते. उन्हाळ्यात गरज वाढते, तेव्हा निम्मीच जागा ओली ठेवा.

अर्ध्या गुंठ्यातून पालेभाज्या, वांगी, मिरची, गवार आणि कुंपणावरचे दोडके-कारली मिळून वर्षाला १५० किलो भाजी निघाली असे धरा. बाजारात सरासरी ३० रुपये किलो धरले तर तिची किंमत ४,५०० रुपये. याच अर्ध्या गुंठ्यात एकरी आठ क्विंटलच्या हिशेबाने दहा किलो सोयाबीन होते. २०२५-२६ च्या हमीभावाने त्याचे ५३३ रुपये येतात, तेही खर्च वजा न करता. बियाणे, शेणखत आणि निंबोळी अर्काला ५०० रुपये गेले तरी परसबाग पुढेच राहते.

अर्थात १५० किलो म्हणजे घराच्या गरजेचा पाचवा हिस्सा. बटाटा आणि बऱ्याच भाज्या बाजारातूनच येतील. पण हा पाचवा हिस्सा कोणता आहे, हे महत्त्वाचे. पेरणीच्या काळात हातातला पैसा बियाणे-खतात जातो. पावसाळ्यात भाजीचे भावही चढतात. तेव्हा घरात सर्वांत आधी कात्री लागते ती भाजीला. डाळ उधारीवर मिळते, मेथी मिळत नाही. दारातली भाजी त्या महिन्यांत ताटात राहते.

डाळ: नफा थोडा, आधार मोठा

तुरीपासून लहान गिरणीवर साधारण ७० टक्के डाळ पडते. म्हणून तुरीच्या क्विंटलच्या भावाला ७० ने भागले की एक किलो डाळीत किती रुपयांची तूर गेली ते कळते. त्यात भरडाई आणि वाहतुकीचे दहा रुपये मिळवा.

- तूर ६,८०० रुपये क्विंटल असेल तर घरची डाळ सुमारे १०७ रुपये किलो पडते.
- तूर ८,००० रुपये, म्हणजे २०२५-२६ च्या हमीभावाने विकली जात असेल, तर घरची डाळ सुमारे १२४ रुपये किलो पडते.

दुकानात डाळ १२० रुपयांना असेल तर पहिल्या भावात किलोमागे १३ रुपये वाचतात, दुसऱ्यात चार रुपये तोटा होतो. विक्रीची हमाली आणि तोलाई वाचते, चुनी जनावरांना मिळते, ते वेगळे. वर्षाला शंभर किलो तूरडाळ लागत असेल तर फरक हजार-दीड हजार रुपयांचा. ही रक्कम मोठी नाही, हे स्पष्ट सांगायला हवे.

मग तूर घरी का ठेवायची? यासाठी २०१५ ते २०१७ आठवा. २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या आसपास गेली होती. ते पाहून सर्वांनी तूर पेरली. २०१६-१७ मध्ये विक्रमी पीक आले, भाव बोनससह ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली घसरला आणि खरेदी केंद्रांवर बारदाना संपल्याने पोती पडून राहिली. ज्याने पहिल्या वर्षी सगळी तूर विकून डाळ विकत घेतली त्याला महागाईने गाठले. दुसऱ्या वर्षी सगळी तूर विकायला नेलेल्याला मंदीने गाठले. दीड क्विंटल तूर घरात ठेवणाऱ्याचे तेवढ्यापुरते दोन्ही वर्षांत काही बिघडले नाही. घरची डाळ हा विमा आहे, त्याच नजरेने तिच्याकडे पाहा.

दीड क्विंटल तुरीसाठी वेगळे शेत लागत नाही. सोयाबीनमध्ये ४:२ ओळींचे आंतरपीक घेतले तर एका एकरात ही गरज भागते.

ज्वारी, गहू आणि तेल

ज्वारीचे उत्तर गोठ्यावर अवलंबून आहे. पाच जणांच्या एका वेळच्या भाकरीला वर्षाला पावणेतीन क्विंटल ज्वारी पुरते. कोरडवाहू रब्बीत तेवढ्यासाठी पाऊण एकराच्या आतबाहेर जागा लागेल. घरी जनावरे असतील तर कडब्यासह ज्वारी परवडते. गोठा रिकामा असेल आणि त्या जागेत हरभरा चांगला येत असेल, तर हरभरा विकून ज्वारी घेणे चुकीचे नाही.

गहू कमी पाण्याच्या शेतात फक्त घरच्यासाठी घेऊ नका. त्याला पाच-सहा पाणी लागतात. रेशनवर गहू-तांदूळ मोफत मिळत असेल तर ते घ्या आणि विहिरीचे पाणी दुसऱ्या पिकाला द्या.

तेलाच्या बाबतीत उत्साहाला आवर घाला. एक किलो करडई तेलाला लाकडी घाण्यावर साधारण चार किलो करडई लागते. २०२६-२७ च्या रब्बी विपणन हंगामाच्या ६,५४० रुपये हमीभावाने तेवढ्या करडईचेच २६० रुपये होतात. पेंडीची किंमत वजा केली आणि घाण्याची मजुरी मिळवली तरी हे तेल पॅकबंद सोयाबीन तेलापेक्षा महाग पडते. चवीसाठी आणि खात्रीसाठी हवे असेल तर जरूर करा, पण बचत म्हणून करू नका.

कष्ट हिशेबात धरा

परसबागेचे बहुतेक हिशेब इथे गडबडतात. रोज वीस मिनिटे आणि वर्षातले ३०० दिवस धरले तर शंभर तास होतात, म्हणजे साडेबारा दिवसांची मजुरी. ३०० रुपये रोजाने ते ३,७५० रुपये झाले. वर भाजीत दिसलेला जवळजवळ सगळा फायदा यात जातो. आणि हे काम बहुतेक घरांत बाईच्या दिवसात भर घालते. सांडपाणी बादलीने वाहून न्यावे लागले तर दोन महिन्यांत वाफे सुकतात, यात नवल नाही. म्हणून आधी मोरीपासून वाफ्यापर्यंत पाइप टाका, मग बी आणा. आणि पाणी देणे, कुंपण, खत ही कामे घरात वाटून घ्या.

आत्ता काय कराल?

- तूर आडतीवर नेण्याआधी वर्षाची गरज काढून बाजूला ठेवा. हमीभावाच्या खरेदीसाठी नोंदणी करून उरलेली विका.
- घरची तूर कडक उन्हात वाळवा, ओलावा १० टक्क्यांच्या खाली आणा. अख्ख्या दाण्याला भुंगेरा लवकर लागतो, म्हणून शक्य तेवढी लवकर डाळ करून हवाबंद ठेवा.
- सांडपाणी आधी वाळू-खडीच्या खड्ड्यातून किंवा कर्दळीच्या पट्ट्यातून सोडा. हे पाणी वेलभाज्या, वांगी, शेवगा आणि पपईला द्या. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीच्या पानांवर ते पडू देऊ नका.
- आता मेथी, पालक, शेपू आणि कोथिंबीर दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरा. एकदम पेरली तर एकदम संपते.
- कपाशीच्या ओळीत किंवा बांधाला लागून खाण्याची भाजी लावू नका. फवारा उडून तिच्यावर येतो.
- येत्या खरिपात सोयाबीन-तूर घेणार असाल तर तणनाशकाच्या लेबलवर दोन्ही पिके आहेत का, ते पाहा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

बियाण्याचे पाकीट वाटून आणि फोटो काढून परसबाग उभी राहत नाही. गावात पाच घरे निवडा. सांडपाणी किती निघते ते बादलीने मोजा आणि तेवढ्याच पाण्यावर वाफे आखून द्या. मे महिन्यात पुन्हा जा आणि किती वाफे हिरवे आहेत ते नोंदवा. पीक नियोजनाच्या बैठकीत ‘किती एकर सोयाबीन?’ या प्रश्नाआधी ‘घराला वर्षाला किती डाळ लागते?’ हा प्रश्न विचारा, आणि तो घरातल्या बाईला विचारा. उत्तर तिच्याकडे असते. तिने सांगितलेल्या आकड्यातून तुरीच्या ओळी किती टाकायच्या ते ठरवा आणि उरलेल्या रानाचे नियोजन बाजार पाहून करा.