गाव लहान, म्हणून भिंत स्वस्त?

मृगाची पहिली सर कोसळली की सीमाभागातील जुन्या घरांतून एकच विवंचना सुरू होते: यंदाचा पावसाळा हे आढे धरून राहील काय? बेळगाव, खानापूर, निपाणी येथील जुन्या गल्ल्यांतल्या दगडमातीच्या भिंतींनी आणि कौलारू छपरांनी पिढ्यान्‌पिढ्या ऊन-पाऊस सोसला. आता वासे किडले आहेत, भिंतींनी पोट काढले आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जो महापूर आला, त्यात बेळगाव, कोल्हापूर आणि सांगली या तिन्ही जिल्ह्यांतील घरे पाण्यात बसली. पूर राज्याची हद्द पाहत नाही, की गावाची खानेसुमारीही पाहत नाही. खानेसुमारी पाहते ती आपली पतव्यवस्था! या गोष्टीकडे आज आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

बँकांनी आपल्या कर्जाचा ठरावीक वाटा अग्रक्रमाच्या क्षेत्रास द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. व्यापारी बँकांस ही अट सर्वसाधारणपणे ४० टक्क्यांची, तर नागरी सहकारी बँकांस २०२५ पासून ६० टक्क्यांची आहे. घरकर्जही या वाट्यात धरले जाते. पण किती रकमेपर्यंत, हे गावाच्या लोकसंख्येवर ठरते. २०२० च्या निर्देशांत नुकसान पोचलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी दहा लाख वा अधिक वस्तीच्या महानगरांस १० लाख रुपयांची मर्यादा घालून दिली होती आणि इतर सर्व गावांस ६ लाखांची. एप्रिल २०२५ पासून नवे निर्देश आले. घरखरेदीच्या व बांधणीच्या कर्जासाठी पन्नास लाखांवरील वस्तीच्या शहरांस ५० लाख, दहा ते पन्नास लाख वस्तीच्या शहरांस ४५ लाख आणि त्याखालील सर्व गावांस ३५ लाख अशी विभागणी झाली. आकडे वाढले, दोन पायऱ्यांच्या तीन झाल्या. लहान गाव मात्र तळाच्याच पायरीवर राहिले. २०११ च्या जनगणनेनुसार बेळगाव आणि कोल्हापूर ही दोन्ही शहरे दहा लाखांच्या बरीच खाली आहेत. म्हणजे हा अन्याय एका राज्याने दुसऱ्या राज्यावर केलेला नव्हे. महानगराने गावावर केलेला आहे. जे सत्य आहे ते आम्ही सत्य म्हणूनच सांगू.

कोणी म्हणेल, ही मर्यादा म्हणजे काही बंदी नव्हे. बँकेने त्याहून अधिक कर्ज द्यावयाचे ठरविले तर तिचा हात कोण धरतो? म्हणणे खरे आहे. परंतु मर्यादा ओलांडलेले कर्ज अग्रक्रमाच्या हिशेबात धरले जात नाही, आणि जे हिशेबात धरले जात नाही ते देण्याची उत्सुकता कोणत्या शाखेस असणार? कागदावरची सवलत प्रत्यक्षात कुंपण होते ती अशी.

या विभागणीच्या समर्थनार्थ एकच युक्तिवाद संभवतो: लहान गावात जागा स्वस्त, म्हणून घर स्वस्त. नवे घर घेणाऱ्याच्या बाबतीत तो काहीसा पटण्याजोगा आहे. पण दुरुस्ती करणारा जागा विकत घेत नाही. तो सिमेंट घेतो, लोखंडी सळ्या घेतो, फरशी आणि पत्रे घेतो. खानापूरच्या आतल्या गावी सिमेंटचे पोते पुण्या-बंगळूरपेक्षा स्वस्त मिळते काय? उलट वाहतुकीचा बोजा वर चढतो. गवंड्याची मजुरी थोडी कमी पडेल, एवढेच. भूखंडाच्या किमतीने भिंतीच्या दुरुस्तीचे माप काढणे हा शुद्ध तर्कदोष होय.

याच्या जोडीला आणखी दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली मूल्यांकनाची. ३० लाखांपर्यंतच्या घरकर्जात तारणाच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते, हे नियमात ठीक आहे. पण दगडमातीच्या जुन्या घराची किंमत मूल्यांकनकार किती लावणार? इमारतीला जवळजवळ शून्य आणि जागेला गावचा भाव. ज्या घराला दुरुस्तीची गरज सर्वांत अधिक, त्याचे तारण सर्वांत हलके! दुसरी अडचण कागदपत्रांची. वडिलोपार्जित घर अजून आजोबांच्या नावे, वारस चौघे, त्यांतील दोघे परगावी. उतारा अद्ययावत नाही. मग बँकेचा दरवाजा उघडण्यापूर्वीच बंद होतो.

करव्यवस्थेनेही हाच पंक्तिप्रपंच केला. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जुन्या करपद्धतीत, स्वतः राहण्याचे नवे घर बांधणाऱ्यास कर्जाच्या व्याजापोटी वर्षाला २ लाख रुपयांपर्यंत वजावट होती. जुने घर दुरुस्त करणाऱ्यास अवघी ३० हजारांची. बांधणाऱ्याचा गौरव आणि जतन करणाऱ्याला दंड, हा कोणता न्याय?

परिणाम काय होतो तो आकड्यांतच पाहावा. ५ लाख रुपयांचे गहाणकर्ज ९ टक्के दराने पंधरा वर्षांसाठी मिळाले तर महिन्याचा हप्ता सुमारे ५,०७० रुपये पडतो. तेच गहाणाविना वैयक्तिक कर्ज म्हणून १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले तर हप्ता सुमारे ११,६३० रुपयांवर जातो. पहिला हप्ता शिक्षकाच्या, विणकराच्या, लहान दुकानदाराच्या आवाक्यात असू शकतो. दुसरा त्याच्या मुलांच्या शिक्षणाचा घास काढून घेतो. तेव्हा तो काय करतो? घरातले सोने गहाण टाकतो, सावकाराची पायरी चढतो, अथवा छपरावर प्लॅस्टिक अंथरून आणखी एक पावसाळा ढकलतो.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. दुरुस्तीच्या कर्जाची मर्यादा गावाच्या लोकसंख्येवर न ठरविता अभियंत्याने दिलेल्या खर्चाच्या अंदाजपत्रकावर ठरवावी. पूरग्रस्त तालुक्यांस महानगरांचीच मर्यादा लागू करावी. व्याजाच्या वजावटीत दुरुस्ती आणि नवबांधणी यांतील भेद मिटवावा.

पण केवळ सरकारकडे बोट दाखवून भागणार नाही. आपल्या सहकारी संस्थांनाही आम्ही विचारू इच्छितो. जून २०२२ मध्ये सर्वांत लहान श्रेणीच्या नागरी सहकारी बँकांची वैयक्तिक घरकर्जाची मर्यादा ३० लाखांवरून ६० लाखांवर गेली. जिल्हा सहकारी बँकांची, त्यांच्या निव्वळ मालमत्तेनुसार, २० लाखांवरून ५० लाखांवर आणि ३० लाखांवरून ७५ लाखांवर गेली. हात मोकळे झाले असता लहान दुरुस्तीचे कर्ज देताना ते आखडते का घ्यावेत? ज्या संस्था सभासदाच्या चार आण्यांवर उभ्या राहिल्या, त्यांनी सभासदाच्या छपराकडे पाठ फिरवू नये.

आणि वाचकांसही दोन शब्द. पावसाळा तोंडावर येण्याची वाट न पाहता वारसांची नोंद करून घ्या, उतारा नीट करा, खर्चाचा लेखी अंदाज हाती ठेवा. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाच्या मुख्य अटींचे पत्रक कर्जदारास समजेल अशा भाषेत देणे बँकेवर बंधनकारक आहे. तुम्हांस मराठी समजते. ते पत्रक मराठीत मागा. न समजलेल्या कागदावर अंगठा वा सही करू नका. ही याचना नव्हे, नियमाने दिलेला हक्क आहे.

घर दुरुस्त करणारा माणूस कोणाकडे दान मागत नाही. आपल्याच भिंतीच्या तारणावर, व्याजासह फेडण्याच्या बोलीवर, तो मुदत मागतो. त्याचे गाव लहान आहे म्हणून त्याची गरज लहान ठरत नाही. एवढे साधे सत्य राज्यकर्त्यांस आणि बँकांस पटवून देणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे, आणि ते पुढच्या मृगापूर्वी पार पाडले पाहिजे.