‘प्रयोगशाळेत सिद्ध’ म्हणजे काय सिद्ध?



गेल्या मे महिन्यात प्रात्यक्षिकाचा तास संपल्यावर बी. एस्सी.ची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. चेहरा लालबुंद आणि गालांची कातडी जागोजागी सोललेली. तिने रेटिनॉलचे, म्हणजे जीवनसत्त्व ‘अ’चे, मलम लावले होते. थोड्याने गुण येतो तर पुष्कळाने अधिक येईल, या हिशेबाने दिवसातून तीनदा लावले आणि नागपूरच्या उन्हात सायकलवरून हिंडली. मलमाचे वेष्टन पुढे करून ती म्हणाली, “पण सर, हे त्वचेच्या पेशींवर प्रयोगशाळेत सिद्ध झालेले आहे ना?”

तिला मी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. परंतु तिचा प्रश्न मनात राहिला. माझे मत असे की, चूक तिची एकटीची नव्हती. आम्ही शिक्षक तुम्हाला प्रयोगाचे निष्कर्ष पाठ करायला लावतो; निष्कर्ष वाचावा कसा, हे शिकवत नाही.

प्रथम हे ‘पेशींवरचे प्रयोग’ कसे होतात ते पाहू. शरीरातून काढलेल्या पेशी पोषक द्रवात, ३७ अंश सेल्सिअस तापमानाला, बशीत वाढवतात. यालाच ऊतिसंवर्धन म्हणतात. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे हे तंत्र अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गे यांच्याकडे शिकल्या. १९५१ मध्ये माणसाच्या पेशी बशीत अखंड वाढत्या ठेवण्यात प्रथम यश मिळवले ते याच गे यांच्या प्रयोगशाळेने. परत आल्यावर रणदिव्यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. आज पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरच्या संशोधकांना अशा पेशी पुरवते.

आता जीवनसत्त्व ‘अ’कडे वळू. १९५३ मध्ये केंब्रिज येथे ऑनर फेल आणि एडवर्ड मेलनबी यांनी कोंबडीच्या गर्भाची त्वचा बशीत वाढवून तिला हे जीवनसत्त्व भरपूर दिले. पेशी मेल्या नाहीत. त्यांनी आपला धंदाच बदलला! कातडीचे कडक केराटिन बनवायचे सोडून त्या नाकाच्या अस्तरासारखा चिकट स्राव बनवू लागल्या. पुढे १९८१ मध्ये अमेरिकेत इलेन फुक्स आणि हॉवर्ड ग्रीन यांनी उलट प्रयोग केला. माणसाच्या त्वचापेशींच्या पोषक द्रवातून त्यांनी हे जीवनसत्त्व काढून टाकले. तेव्हा पेशी अधिक पक्व होऊन कडक बनू लागल्या. जीवनसत्त्व परत घालताच ही पक्वता थांबली. म्हणजे हे नुसते ‘पोषण’ नव्हे. पेशीने काय व्हावे, याचा तो हुकूम आहे.

आणि हुकूम किती जोरात द्यायचा, हे मात्रेवर ठरते. आपल्या रक्तात रेटिनॉल लिटरमागे एक ते दोन मायक्रोमोल एवढेच असते आणि तेही एका वाहक प्रथिनाला बांधलेले. असे प्रथिन नसलेल्या द्रवात ते भरमसाट घातले, तर मोकळे रेटिनॉल पेशींचे आवरणच फाडू शकते. पदार्थ तोच, एका मात्रेला आवश्यक, दुसरीला घातक.

पेशी जगल्या की मेल्या, हे तरी कसे मोजतात? येथे आमचे भौतिकशास्त्र येते. एम.टी.टी. नावाचे पिवळे रसायन बशीत घालतात. जिवंत पेशी त्याचे जांभळ्या द्रव्यात रूपांतर करतात. मग सुमारे ५७० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला ते मोजतात. बारावीनंतर तुम्ही शिकाल तो बीअर-लँबर्टचा नियमच हा! पण लक्षात घ्या, यंत्र मोजते तो रंग, पेशी नव्हे. रंग फिका आला तर पेशी मेल्या असतील, कमी वाढल्या असतील किंवा नुसत्या मंदावल्या असतील. शिवाय रेटिनॉल पाण्यात विरघळत नाही. ते अल्कोहोलसारख्या द्रावकातून द्यावे लागते. म्हणून तुलनेच्या बशीतही तेवढेच अल्कोहोल घातले पाहिजे. नाहीतर दोष अल्कोहोलचा आणि शिक्षा जीवनसत्त्वाला, असे व्हायचे.

मग बशीतले प्रयोग निरुपयोगी का? मुळीच नाही. जीवनसत्त्व ‘अ’ पेशीची वाटचाल बदलते, हे बशीशिवाय इतके स्वच्छ दिसले नसते. परंतु बशी म्हणजे चेहरा नव्हे. चेहऱ्यावर वरती मृत पेशींचा थर आहे, खाली रक्तप्रवाह आहे आणि डोक्यावर ऊन आहे. रेटिनॉल ३२५ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण शोषून विघटित होते. त्यातून मलमाने त्वचाही हुळहुळी होते. म्हणून ते रात्री लावायला सांगतात. याच कुळातल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या गर्भवतीने घेतल्यास बाळात गंभीर व्यंगे निर्माण होतात. तेव्हा अशी औषधे डॉक्टरांशिवाय कधीही नकोत. आपली संत्री मात्र खुशाल खा. त्यांच्या रंगद्रव्यांपैकी काहींचे शरीर गरजेपुरतेच जीवनसत्त्व ‘अ’ बनवते.

यापुढे ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ असे वाचाल, तेव्हा चार प्रश्न विचारा: कोणत्या पेशी? किती मात्रा? कशाशी तुलना? आणि नेमके मोजले काय? वेष्टनावर उत्तरे नसतील, तर ते वाक्य अपुरे समजा. त्या मुलीने हे चार प्रश्न आता आपल्या प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहेत. ते तिला शाळेतच मिळायला हवे होते.